स्कंक: वास, पट्टे आणि पाय आपटण्यामागचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्कंक, म्हणजे दुर्गंधी फवारा मारणारा अमेरिकेतला काळा-पांढरा प्राणी, नक्की कोणत्या कुळातला, मुंगसाशी किंवा उदमांजराशी त्याचं काही नातं आहे का, तो एवढा भयंकर वास सोडतो तरी कसा, टोमॅटोच्या रसानं तो वास खरंच जातो का, आणि शेवटचं म्हणजे वासाच्या ग्रंथी काढून टाकल्या तर तो पाळता येतो का. मी उत्तर अमेरिकेत वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रात पशुवैद्य म्हणून काम करते. स्कंक हे आमचे नेहमीचे रुग्ण: गाडीची धडक बसलेले, आईविना सापडलेली पिल्लं, कचऱ्यातल्या डब्यात डोकं अडकलेले. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे, आणि प्रश्नांचा क्रमही मी थोडा बदलते.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्याशी जोडलेलं आहे. स्कंकला फवारा मारायची अजिबात हौस नसते. शेपटीखालच्या दोन ग्रंथींत मिळून साधारण १५ मिलिलिटर द्रव मावतो, म्हणजे जेमतेम एक मोठा चमचा. पाच-सहा फवाऱ्यांत तो संपतो आणि पुन्हा भरायला आठवडा-दहा दिवस जातात. एवढे दिवस हा प्राणी जवळपास निःशस्त्र असतो. दात बेताचे, धाव बेताची, नजर अधू. त्यामुळे शेवटचा उपाय वापरायची वेळच येऊ नये, अशा बेतानं त्याचा रंग, चाल, स्वभाव सगळं घडलेलं आहे. घाबरट माणसाला हे पटत नाही, पण आमच्याकडे रोज हाताळले जाणारे बहुतेक स्कंक फवारा न मारताच येतात आणि तसेच जातात.

आता नातेसंबंध. मुंगूस आणि उदमांजर हे मांजरांच्या बाजूचे मांसभक्षक. स्कंक कुत्रे, अस्वलं, रॅकून यांच्या बाजूचा. त्यामुळे नातं फार लांबचं आहे. लिनियसनं १७५८ मध्ये ठिपकेवाल्या स्कंकला नाव देताना त्याला उदमांजरांच्या गटात घातलं होतं, तेव्हा हा घोळ आजचा नाही. पुढे बराच काळ स्कंकना वीझल, ऑटर, बॅजर यांच्या मस्टेलिडे कुळातली एक शाखा मानत. या कुळातही गुदग्रंथी आणि उग्र वास असतोच, त्यामुळे ते सगळ्यांना पटण्यासारखं होतं. १९९७ मध्ये जेरी ड्रॅगू आणि रॉडनी हनिकट यांनी मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि स्कंकचं वेगळं कुळ करावं असं सुचवलं. तेच आज मेफिटिडे म्हणून मान्य आहे. त्या अभ्यासाचा सगळ्यात गमतीचा भाग म्हणजे आग्नेय आशियातले ‘स्टिंक बॅजर’ या कुळात येऊन बसले. जावा, सुमात्रा, बोर्निओवरचा एक आणि फिलिपिन्सच्या पलावान भागातला दुसरा, अशा या दोन जाती. दिसायला बसके, छोट्या शेपटीचे, नाकानं जमीन उकरणारे. सगळे त्यांना बॅजर समजत होते. निघाले स्कंकचे भाऊबंद. म्हणजे ‘स्कंक फक्त अमेरिकेत असतात’ हे विधान आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. जीवाश्मांवरून दिसतं तेही असंच: या कुळाचे जुने प्राणी मायोसीन काळात (साधारण २.३ कोटी ते ५० लाख वर्षांपूर्वी) युरोप-आशियात होते, तिथून सैबेरिया आणि अलास्का यांच्यामधल्या बेरिंगच्या भूपुलावरून ते उत्तर अमेरिकेत आले आणि पनामाचा जमिनीचा दुवा तयार झाल्यावर दक्षिणेत उतरले.

अमेरिका खंडातल्या स्कंकचे तीन गट. पहिला मेफिटिस. यातला पट्टेरी स्कंक म्हणजे चित्रांत दिसतो तो: काळा, डोक्यापासून निघून पाठीवर दुभंगणारा पांढरा पट्टा, झुपकेदार शेपूट, आकार साधारण पाळीव मांजराएवढा. कॅनडाच्या दक्षिण भागापासून उत्तर मेक्सिकोपर्यंत तो आढळतो. त्याचाच भाऊ हूडेड स्कंक, अमेरिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून मध्य अमेरिकेपर्यंत. दुसरा गट कोनेपाटस, म्हणजे डुकरासारखं लांब, उघडं नाक असलेले स्कंक. त्यांच्या पुढच्या पायांची नखं कुदळीसारखी, खांदे भरलेले, आणि काम एकच, जमीन उकरून किडे-अळ्या काढणं. हा गट थेट पॅटागोनियापर्यंत पोचला आहे. डार्विननं १८३३ मध्ये अर्जेंटिनाच्या मैदानांत हा प्राणी पाहिला तेव्हा त्याला दोन गोष्टी जाणवल्या: एक तर हा भरदिवसा उघड्यावर कुत्र्याला, माणसाला न भिता फिरतो, आणि दुसरं म्हणजे माँटेव्हिडिओ बंदरात शिरताना वारा जमिनीकडून असेल तर त्याचा वास जहाजावर येतो.

तिसरा गट स्पिलोगेल, ठिपकेवाले स्कंक. हे माझे आवडते, म्हणून यांच्याबद्दल जरा जास्त बोलणार. आकारानं खारीहून थोडे मोठे, अंगावर तुटक पट्टे आणि ठिपके, चपळ, झाडावर सरसर चढणारे. पट्टेरी स्कंक झाडाच्या वाटेला सहसा जात नाही. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा पिग्मी स्कंक यांच्यातला सगळ्यात लहान, हाताच्या ओंजळीत मावेल एवढा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या सांता क्रूझ आणि सांता रोझा या बेटांवर यांची एक वेगळी उपजातच आहे. एकूण जाती किती यावर प्राणिशास्त्रज्ञांत वाद चालू असतो. आधी चार म्हणत, अलीकडच्या जनुकीय अभ्यासात सातपर्यंत आकडा गेला आहे.

या ठिपकेवाल्यांत निसर्गाची एक अफलातून करामत आहे. पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे ठिपकेवाले स्कंक दिसायला इतके सारखे की विसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांना एकच जात ठरवलं गेलं होतं. मग १९६० च्या दशकात रॉडनी मीड यांनी त्यांच्या प्रजननाचा बारकाईनं अभ्यास केला. पूर्वेकडचे स्कंक मार्च-एप्रिलमध्ये जुळतात आणि दोनेक महिन्यांत वितात. पश्चिमेकडचे मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच जुळतात आणि पिल्लं होतात ती पुढच्या वसंतात, म्हणजे जवळपास त्याच सुमारास. मधल्या काळात काय होतं? अंडं फलित होतं, त्याच्या पेशींचं विभाजन होतं, पोकळ चेंडूसारखा भ्रूण तयार होतो आणि तिथंच थांबतो. गर्भाशयाच्या भिंतीला चिकटत नाही, वाढत नाही, मरतही नाही. सहा-सात महिने नुसता तरंगत राहतो. हिवाळा सरून दिवस मोठा व्हायला लागला की मादीच्या शरीरातली संप्रेरकं बदलतात, भ्रूण भिंतीत रुजतो आणि पुढे महिन्याभरात पिल्लं बाहेर. म्हणजे गरोदरपण कागदावर सात-आठ महिन्यांचं, प्रत्यक्ष वाढ महिनाभराची. आणि माजाचा काळच वेगळा असल्यामुळे पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे शेजारी राहिले तरी त्यांचा संकर होण्याचा प्रश्नच येत नाही. कातडीवरचे ठिपके मोजून जे ठरेना, ते कॅलेंडरनं ठरवलं.

पट्टेरी स्कंकचं प्रजनन याच्या तुलनेत सरळ आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुळणी, साधारण दोन ते अडीच महिन्यांचा गर्भकाळ, मे-जूनमध्ये चार ते सहा पिल्लं, कधी जास्तही. जन्मतः पिल्लं आंधळी आणि जवळजवळ बिनकेसांची, पण गुलाबी कातडीवर पट्टा कुठे येणार ते तेव्हाच दिसतं. डोळे तीन आठवड्यांनी उघडतात. वासाचा द्रव मात्र त्याच्या आधीच, आठवड्याभराच्या पिल्लातही तयार असतो. नेम नसतो एवढंच. आमच्याकडे आलेल्या अनाथ पिल्लांना बाटलीनं दूध पाजताना हा प्रसाद सगळ्यांनाच मिळतो. नवीन स्वयंसेवकांना मी आधीच सांगते की घरचे चांगले कपडे घालून येऊ नका.

फेब्रुवारीत रस्त्यांवर वास अचानक वाढतो, त्याचं कारणही हेच. नर माद्यांच्या शोधात रात्री कित्येक किलोमीटर चालतात, रस्ते ओलांडतात आणि गाड्यांखाली येतात. शिवाय मादीला नर नको असेल तर ती त्याच्यावरच फवारा मारते. स्वजातीयांनाही सूट नाही.

आता फवाऱ्याची यंत्रणा. गुदद्वाराच्या आत, दोन्ही बाजूंना एकेक ग्रंथी, द्राक्षाएवढी, भोवती जाड स्नायूचं वेष्टण. प्रत्येक ग्रंथीच्या तोंडाशी एक छोटं बोंड असतं. एरवी ते आत झाकलेलं असतं. शेपूट वर गेली की बाहेर येतं, आणि ही बोंडं स्कंक वेगवेगळ्या दिशांना वळवू शकतो. फवारा दोन प्रकारचा. मागे कुणीतरी लागलंय पण नेमकं कुठे आहे ते दिसत नाही, अशा वेळी तो पळता पळता बारीक तुषार सोडतो. पाठलाग करणारा त्या ढगात शिरतो. शत्रू समोर स्पष्ट दिसत असेल तर सरळ धार, आणि नेम तोंडावर, डोळ्यांवर. तीन मीटरपर्यंत नेम चांगला लागतो, थेंब त्याच्याही पुढे जातात. मागचे पाय टेकलेले नसले किंवा शेपटीनं उचलून धरलं तर स्कंक फवारा मारू शकत नाही, अशी एक समजूत आहे. कृपा करून तिच्यावर विश्वास ठेवू नका. मारू शकतो, आणि शेपटीनं उचलल्यामुळे त्याच्या मणक्याला इजा होते ती वेगळीच.

त्याआधी तो जेवढ्या सूचना देतो तेवढ्या क्वचितच कुठला प्राणी देत असेल. आधी थांबतो. मग पुढचे दोन्ही पाय जमिनीवर आपटतो. लाकडी फरशीवर तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. फिस्कारतो, दोन पावलं पुढे धावून येतो, नखं ओढत मागे सरकतो. शेपूट उभी करतो, केस फुलवतो. तरीही समोरचा हलला नाही तर अंग इंग्रजी यू अक्षरासारखं वळवतो, म्हणजे तोंड आणि ढुंगण दोन्ही तुमच्याकडे. इथवर आलं म्हणजे मागे फिरायची वेळ टळत आली. ठिपकेवाला स्कंक याच्याही वरताण: तो पुढच्या दोन पायांवर उभा राहतो, मागचं धड हवेत, शेपटीचा पिसारा वर, आणि तसाच हातांवर चालत तुमच्याकडे येतो. डोळे नुकते उघडलेली पट्टेरी पिल्लंसुद्धा पाय आपटायला लागतात आणि तोल जाऊन नाकावर पडतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

हाताळताना आम्ही याच स्वभावाचा फायदा घेतो. स्कंक शक्यतो जे दिसत नाही त्यावर फवारा वाया घालवत नाही. म्हणून पिंजऱ्यावर आधी जाड चादर टाकायची. चादर छातीसमोर पूर्ण पसरून, हळू आवाजात बोलत, एकेक पाऊल टाकत जवळ जायचं. त्यानं पाय आपटले की थांबायचं, तो शांत झाला की पुढचं पाऊल. अंधार झाला की तो गोळा होऊन बसतो. डब्यात डोकं अडकलेल्यांचंही तसंच. दह्याचे काही कप तळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळते असतात. आतलं चाटायला स्कंक डोकं घालतो आणि ते बाहेर येत नाही. मग तो आंधळ्यासारखा भिंतींना धडकत फिरतो. लोक घाबरून लांब उभे राहतात, पण खरं तर त्याला काहीच दिसत नसल्यामुळे धोका बराच कमी असतो. अंगावर टॉवेल टाकायचा, कप घट्ट धरायचा आणि ओढायचं नाही. स्कंक स्वतःच मागे जोर लावून डोकं सोडवतो. मग कप हातात घेऊन आपण स्थिर उभं राहायचं. तो क्षणभर हवा हुंगतो आणि त्याच्या नेहमीच्या डुलत्या चालीनं निघून जातो.

काळा-पांढरा रंग हाही त्या सूचनांचाच भाग. निशाचर प्राण्याला लपायचं असेल तर पाठीवर पांढरा पट्टा असणं हा वेडेपणाच. पण ज्याला लांबूनच ओळखू यायचं आहे त्याला तो उपयोगी. मांसभक्षक सस्तन प्राण्यांच्या रंगांचा तुलनात्मक अभ्यास झाला आहे. त्यात असं दिसलं की ज्या जाती नेम धरून फवारा मारतात त्यांच्यात अंगावरून शेपटीकडे जाणारे उभे पट्टे जास्त आढळतात. जणू शस्त्र कुठे आहे ते बाणानं दाखवून दिलंय. आफ्रिकेतला झोरिला हा प्राणी मस्टेलिडे कुळातला, स्कंकचा जवळचा नातेवाईकही नाही, तरी काळा-पांढरा, पट्टेरी आणि तितकाच दुर्गंधी. एकाच अडचणीवर दोन खंडांत एकच तोडगा निघाला.

एकदा मार खाल्लेला कोयोटी किंवा कोल्हा पुन्हा सहसा वाटेला जात नाही. हा धडा ज्याला लागू पडत नाही तो शत्रू म्हणजे ग्रेट हॉर्न्ड आउल, डोक्यावर शिंगांसारखी पिसं असलेलं मोठं घुबड. त्याचं घ्राणेंद्रिय फारसं तीक्ष्ण नाही आणि ते वरून, आवाज न करता येतं. पाय आपटायला वेळच मिळत नाही. या घुबडाच्या घरट्याला आणि पिसांना पुष्कळदा स्कंकचा वास येतो. दुसरा शत्रू मोटारगाडी. येणाऱ्या गाडीपुढेही स्कंक तेच करतो जे कोल्ह्यापुढे करतो: थांबतो, वळतो, शेपूट वर करतो. लाखो वर्षं कामी आलेली युक्ती तिथे जीव घेते. मोकळ्या रानात बहुतेक स्कंक दोन-तीन वर्षांच्या पुढे जात नाहीत, पुष्कळ तर पहिल्याच वर्षात मरतात. बंदिवासात तोच प्राणी दहा वर्षं सहज काढतो.

खाणं सांगायचं तर जे मिळेल ते. भुंगेरे, त्यांच्या अळ्या, टोळ, उंदीर, अंडी, पडलेली फळं, मेलेले प्राणी. हिरवळीवर सकाळी शंकूसारखे छोटे खड्डे दिसले तर रात्री स्कंक अळ्या शोधून गेला असं समजावं. केसाळ सुरवंट मिळाला तर तो पंजांनी जमिनीवर घोळवून केस काढतो आणि मग खातो. मधमाश्यांच्या पेटीपाशी जाऊन दाराशी नखं खरवडतो. पहारेकरी माश्या बाहेर आल्या की एकेक गट्ट करतो, म्हणून मधमाश्या पाळणारे त्याच्या नावानं बोटं मोडतात. ठिपकेवाला स्कंक अंडं फोडायला ते पुढच्या पायांनी धरून मागच्या पायांमधून मागे दगडावर फेकतो. मुंगसंही हेच करतात, तेव्हा मूळ प्रश्नात मुंगूस आलाच आहे तर एवढं साम्य मात्र खरं. रॅटलस्नेकच्या विषाला स्कंकमध्ये बरीच प्रतिकारशक्ती असते. उत्तरेच्या गवताळ प्रदेशांत पाणथळ जागी घरटी करणाऱ्या बदकांच्या अंड्यांचं तो मोठं नुकसान करतो हेही खरं, त्यामुळे त्याला शेतकऱ्याचा मित्र म्हणून डोक्यावर घ्यायला मी तयार नाही.

कडक हिवाळ्याच्या प्रदेशात पट्टेरी स्कंक शरद ऋतूत चरबी साठवतो आणि महिनोन् महिने बिळातून फारसा बाहेर पडत नाही. ही खरी शीतनिद्रा नाही. अधूनमधून तो जागा होतो. बरेचदा एका बिळात अनेक माद्या आणि एखादा नर दाटीवाटीनं झोपतात, तर काही नर एकटे राहतात. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या एका अभ्यासात गटानं झोपणाऱ्यांना शरीराचं तापमान फारसं उतरवावं लागलं नाही, पण एकटे स्कंक रोज गुंगीत जात आणि त्यांचं तापमान २६ अंश सेल्सिअसपर्यंत खाली आल्याची नोंद आहे. मांसभक्षक गणातल्या प्राण्यासाठी हे फार कमी आहे. वसंतात बाहेर पडणारी मादी पाहिली तर ओळखू येत नाही, इतकी ती रोडावलेली असते.

आता वासाच्या रसायनाकडे येऊ, कारण टोमॅटोच्या रसाचं उत्तर तिथं आहे. जुन्या पुस्तकांत बरीच वर्षं या द्रवातला मुख्य घटक ब्युटाइल मरकॅप्टन असं छापलं जायचं. ते चूक निघालं. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट स्टेट विद्यापीठातले विल्यम वुड यांनी पट्टेरी स्कंकच्या द्रवाचं नीट विश्लेषण केलं. त्यात मुख्यतः गंधकयुक्त थायॉल निघाले, आणि त्यांच्याच जोडीला त्यांचे थायोअसिटेट. घरगुती गॅस गळला तर कळावं म्हणून त्यात जो वास मुद्दाम घालतात तो याच थायॉलच्या घराण्यातला. माणसाचं नाक हे थायॉल हवेच्या एक अब्ज कणांत दहाच्या आसपास असले तरी ओळखतं. लांबून तो वास लसूण-कांद्यासारखा वाटतो. अगदी जवळून मात्र जळक्या रबरासारखा तिखट झणका येतो आणि बऱ्याच लोकांना हा स्कंकचा वास आहे हे कळतही नाही.

खरी खोडी थायोअसिटेटची. त्यांना स्वतःला फारसा वास नसतो. पण पाणी लागलं की ते हळूहळू फुटतात आणि थायॉल मोकळे होतात. म्हणून फवारा बसलेला कुत्रा आठवड्यानं पावसात भिजला की घरभर पुन्हा तोच वास. ठिपकेवाल्या स्कंकच्या द्रवात हे थायोअसिटेट नसतात, त्यामुळे त्याचा वास तुलनेनं लवकर जातो.

टोमॅटोच्या रसाचं म्हणाल तर त्यात थायॉलला तोडणारं काही नाही. होतं काय, की तेवढ्या वेळात नाक त्या वासाला सरावतं, आणि नाकाला टोमॅटोचा नवा वास जाणवतो. मग वाटतं की गेला. बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला विचारा, तो खरं काय ते सांगेल. वरून पांढऱ्या कुत्र्याचा रंग गुलाबी होतो.

काम करतं ते ऑक्सिडीकरण. पॉल क्रेबॉम या रसायनतज्ज्ञानं सुचवलेली कृती १९९३ मध्ये छापून आली आणि आजही आम्ही तीच देतो: ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक लिटरभर, खाण्याचा सोडा पाव कप, भांडी घासायचा द्रव साबण एक-दोन छोटे चमचे. साबण तेलकट द्रव सुटा करतो, सोडा मिश्रण अल्कधर्मी ठेवतो आणि पेरॉक्साइड थायॉलचं रूपांतर वास नसलेल्या संयुगांत करतं. उघड्या बादलीत, लागेल तेव्हाच मिसळायचं. कोरड्या अंगावर, म्हणजे पाण्यानं भिजवण्याच्या आधी लावायचं, केसांत मुरवायचं, पाचेक मिनिटं ठेवून भरपूर पाण्यानं धुवायचं. डोळ्यांत आणि तोंडात जाऊ द्यायचं नाही. केसांचा आणि कपड्यांचा रंग थोडा उडू शकतो. उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नका. ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटते. हे मी मुद्दाम ठळकपणे सांगते आहे, कारण उरलेलं जपून ठेवणारी माणसं सगळीकडे असतात.

कुत्र्याच्या डोळ्यांत फवारा गेला असेल तर आधी साध्या पाण्यानं डोळे धुवा, बाकी नंतर. सहसा जळजळ होते, डोळे लाल होतात आणि तेवढ्यावर भागतं. क्वचित, विशेषतः कुत्र्याला अगदी जवळून भरपूर फवारा बसला असेल तर, त्यातल्या गंधकयुक्त संयुगांमुळे तांबड्या रक्तपेशींना इजा होते. पुढच्या काही दिवसांत हिरड्या फिक्या दिसल्या, लघवी गडद झाली, कुत्रा मलूल झाला तर पशुवैद्याकडे न्या आणि स्कंकचा फवारा बसला होता हे आवर्जून सांगा. नाहीतर डॉक्टरांच्या ते डोक्यातही येत नाही.

घराखाली, ओट्याखाली बीळ केलं असेल तर मे ते जुलैच्या दरम्यान काहीही बंद करू नका. आत पिल्लं असण्याची शक्यता असते. आई बाहेर अडकली तर ती उकरून काढायचा प्रयत्न करते आणि नाहीच जमलं तर पिल्लं आत मरतात. उन्हाळा सरला की बाहेर उघडणारं झुलतं दार लावायचं आणि काही रात्रींनी भोक बुजवायचं.

आता जरा वाईट बातमी. पट्टेरी स्कंक माणसाच्या वस्तीत मजेत आहे, पण पूर्वेकडचा ठिपकेवाला स्कंक झपाट्यानं कमी झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची कातडी अमेरिकेच्या मधल्या राज्यांतून वर्षाला लाखाच्या वर विकली जायची. त्या काळात पट्टेरी स्कंकचीही फर ‘अलास्का सेबल’ असल्या भारदस्त नावानं खपवली जायची. १९४० च्या दशकापासून ठिपकेवाल्यांची संख्या कोसळली आणि १९८० च्या दशकापर्यंत पकडल्या जाणाऱ्या प्राण्यांचा आकडा ९९ टक्क्यांनी घटला. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत तो आता असुरक्षित गटात आहे. छोटी मिश्र शेतं, कुंपणांची झुडपं, कडब्याच्या गंजी गेल्या, कीटकनाशकं आली, रोग आले. यातलं कोणतं कारण किती वजनाचं यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

राहिला पाळण्याचा प्रश्न. अमेरिकेच्या मोजक्याच राज्यांत पाळीव स्कंकला परवानगी आहे, तीही बंदिवासात जन्मलेल्या. तिथं पिल्लू काही आठवड्यांचं असतानाच ग्रंथी काढतात. ब्रिटनमध्ये २००६ च्या प्राणीकल्याण कायद्यामुळे उपचाराचं कारण नसताना ही शस्त्रक्रिया करता येत नाही, आणि मला ते योग्यच वाटतं. पण माझी मुख्य हरकत रेबीजची आहे. उत्तर अमेरिकेत वटवाघूळ, रॅकून, कोल्हा यांच्याबरोबर स्कंक हा रेबीजच्या विषाणूचा मोठा साठा आहे, आणि लक्षणं दिसायच्या आधीच त्याच्या लाळेत विषाणू असू शकतो. फेरेटसाठी (मस्टेलिडे कुळातल्या एका पाळीव प्राण्यासाठी) मान्यताप्राप्त लस आहे. पाळीव स्कंकसाठी अमेरिकेत तशी लस नाही. त्यामुळे पाळीव स्कंकनं कुणाला नुसतं ओरबाडून चावलं तरी बहुतेक ठिकाणी त्याला मारून मेंदू तपासणीला पाठवतात. कुत्र्याला जशी दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवायची सोय आहे, तशी त्याला नाही. दिवसा दिसणारा प्रत्येक स्कंक पिसाळलेला असतो असं मात्र नाही. पिल्लांची आई भुकेली असली की दिवसाही बाहेर पडते. लडखडणारा, गोल गोल फिरणारा, विनाकारण अंगावर येणारा दिसला तर जवळ जाऊ नका आणि स्थानिक प्राणीनियंत्रण विभागाला कळवा. अशी लक्षणं कुत्र्यांच्या डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगातही दिसतात, पण ते ओळखणं तुमचं काम नाही.

रेबीज बाजूला ठेवला तरी घरात वाढलेले स्कंक माझ्या टेबलावर येतात ते बहुधा लठ्ठपणानं बेजार झालेले: यकृतात चरबी, सांधे दुखणारे, रात्रभर कपाटं उकरणारे आणि माजाच्या काळात चावरे झालेले. म्हणून कुणी विचारलं की मी सरळ नको म्हणते. आणि अनाथ पिल्लू सापडलंच, तर त्याला घरी नेऊन दूध पाजत बसू नका. संध्याकाळपर्यंत लांबून नजर ठेवा. पुष्कळदा आई येऊन मानगूट धरून एकेकाला घेऊन जाते. नाहीच आली तर झाकण असलेल्या खोक्यात, हात न लावता टॉवेलनं उचलून ठेवा आणि परवानाधारक बचाव केंद्राला फोन करा.